‘आय ॲम बिकम’ : चूक की इतिहास?

१/ १६ जुलै १९४५. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. पुढे १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर त्या क्षणाविषयी बोलताना रॉबर्ट ओपेनहायमर यांनी गीतेच्या अकराव्या अध्यायातील वचन इंग्रजीत सांगितले. त्यातील ‘आय ॲम बिकम’ ही रचना अनेकांना व्याकरणाची चूक वाटते. शाळेत तर ‘आय हॅव बिकम’ शिकवतात. मग चुकले कोण?

२/ कोणीच नाही. पूर्ण वर्तमानकाळासाठी इंग्रजीत पूर्वी दोन सहायक क्रियापदे होती : ‘हॅव’ आणि ‘बी’.

३/ प्राचीन इंग्रजीत ‘हॅव’चा मूळ अर्थ ‘जवळ असणे’. रचना अशी : ‘माझ्यापाशी पत्र आहे, लिहिलेले.’ येथे ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण. म्हणून ते अनेकदा कर्माच्या लिंग, वचन व विभक्तीनुसार बदलत असे.

४/ कालांतराने मालकीचा अर्थ विरला. वस्तू हाती नसतानाही, केवळ क्रिया पूर्ण झाली हे सांगण्यासाठी ‘हॅव’ वापरात आले.

५/ येणे, जाणे, होणे अशा अकर्मक क्रियापदांना मात्र ‘बी’ लागे. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘इज कम’, ‘इज रिझन’ ही रूपे जागोजागी आढळतात.

६/ मग ‘हॅव’ का जिंकले? ‘बी’वर कर्मणी प्रयोगाचाही भार होता, त्यामुळे अर्थाचा घोटाळा होई. एकोणिसाव्या शतकात ‘हॅव’चे वर्चस्व पक्के झाले. जर्मन आणि फ्रेंच भाषांनी मात्र अशी दोन्ही क्रियापदे आजही राखली आहेत.

७/ मराठीने तिसरी वाट धरली. ‘तो आला आहे’, ‘तिने पत्र लिहिले आहे’ : दोन्हीकडे ‘आहे’च. शिवाय ‘पत्र लिहिले’, पण ‘चिठ्ठी लिहिली’! कर्माशी जुळणारे रूप इंग्रजीने गमावले, मराठीने जपले.

८/ ‘ही इज गॉन’ हा त्या जुन्या इंग्रजीचा आजही वापरात असलेला अवशेष. ओपेनहायमर यांच्या तोंडी आलेली रचनाही त्याच कुळातली. तिला चूक ठरवणे म्हणजे भाषेच्या आजच्या नियमाने तिच्या कालच्या रूपाचा न्याय करणे होय.