मद्यसूचीत न आलेले नाव

महानगरातील तारांकित हॉटेलात भोजनसूचीबरोबर द्राक्षमद्यांचीही एक स्वतंत्र सूची मेजावर येते. जाणकार मंडळी तिची पारख काही निकषांवर करतात. सूचीच्या लांबीपेक्षा निवडीमागील विचार महत्त्वाचा. द्राक्षाची जात, प्रदेश आणि हंगामाचे साल नमूद केलेले असावे. त्या घरच्या पदार्थांशी मद्याचा मेळ बसावा. आणि किंमत वाजवी असावी. हे निकष योग्यच आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक प्रश्न विचारावासा वाटतो: या सूचीत कोण आले, कोणत्या वाटेने आले आणि कोण दाराबाहेर राहिले?

ही वाट पुष्कळदा कायद्याने आखली आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्यावर बंदी घातली, तरी काही दारे किलकिली ठेवली. विदेशी पर्यटकांसाठी परवान्याची सोय होती, हॉटेलांनाही परवाना देता येत असे. मिस्साविधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाची तरतूदही त्या कायद्यात होती. पुढे बंदी सैल झाली. ऐंशीच्या दशकात नारायणगावच्या इंडेज कंपनीने फ्रेंच पद्धतीचे फेसाळ मद्य तयार करून परदेशी पाठविले. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण जाहीर केले. विंचूर आणि पलूस येथे त्यासाठी उद्याने उभी राहिली. नाशिकचे नाव अशा सूचीत सन्मानाने झळकू लागले, त्यामागे शेतकऱ्याच्या श्रमाइतकाच शासनाचा आधारही आहे.

हा आधार ज्यांना लाभला नाही, त्यांचे काय झाले, हे पाहायचे तर किनवटकडे वळावे लागेल. नांदेड जिल्ह्यातील पैनगंगेकाठचा हा वनप्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. गोंड, कोलाम, आंध या आदिवासींचे येथे वास्तव्य. वसंतात मोहाची फुले गळू लागली की पहाटेच माणसे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वाळविलेले फूल टंचाईत अन्न म्हणून उपयोगी पडते आणि त्याचीच दारू देवकार्यात, लग्नात व मर्तिकात लागते. निजामाच्या राजवटीत अबकारी हे तिजोरीचे मोठे साधन होते. त्यामुळे घरी गाळलेली दारू हा गुन्हा ठरला. १९५९ मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. राज्य बदलले, गुन्हा तोच राहिला.

ठाणे-कुलाबा भागातील वाचकांना यात नवल वाटू नये. त्या जिल्ह्यांत तर इंग्रज सरकारने १८९२ च्या कायद्याने मोहफुले बाळगण्यावरच निर्बंध घातले होते. महाराष्ट्रात मोहफुलांच्या संकलनावरील व वाहतुकीवरील निर्बंध २०२१ मध्ये उठविण्यात आले. याउलट शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये राज्याचे वारसा-पेय म्हणून मान्यता मिळाली.

दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत; मोहाच्या दारूनेही घरे बुडतात. तिचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न न्यायाचा आहे. एकाच्या पेल्याला संस्कृती म्हणायचे आणि दुसऱ्याच्या मडक्याला गुन्हा, हा भेद चवीने ठरविला की सत्तेने?

काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने द्राक्षारस चाखून त्याची वाखाणणी केली. तो कोठून आला, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. ते ठाऊक होते पाणी काढणाऱ्या चाकरांना. उत्तम पारखी असूनही तो मुळाविषयी अनभिज्ञ राहिला. मद्यसूचीची पारख करणाऱ्याने चाकरांनाही विचारावे. किनवटच्या मोहाखाली टोपली घेऊन उभी असलेली बाई त्या चाकरांपैकीच एक आहे.