बुद्धी कमी नाही, उत्साह मारला जातो : नागपूरचे भाषण आणि मेरिटची थाप



बदलापूरच्या आमच्या अभ्यासवर्गात एक मुलगा शेवटपर्यंत गप्प बसून होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्ग संपला, सगळे चपला घालत होते, तेव्हा त्याने हळूच विचारले, "दादा, खरं सांगा, आपल्या लोकांना बुद्धी थोडी कमीच असते का?" बारावीपर्यंत गणितात पहिला येणारा हा मुलगा. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात हजेरी घेताना नावाबरोबर प्रवेशाचा प्रवर्गही वर्गात वाचला गेला. तेव्हापासून फळ्यासमोर उभा राहिला की आकडे सुचत नाहीत, मागच्या बाकावरचे हसणेच ऐकू येते, असे तो म्हणाला. रात्री झोप लागत नाही. सकाळची लोकल पकडायची म्हटले की पोटात गोळा येतो.

आम्ही त्याला तिथल्या तिथे उत्तर दिले, पण ते अपुरे होते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा राहिलेला भाग आहे. तो एकट्या त्याच्यासाठी नाही, कारण हा प्रश्न मनात दाबून लोकलने रोज मुंबईला जाणारी आपली शेकडो मुले-मुली आहेत.

मेरिटवाल्यांचे म्हणणे काय असते? बुद्धी ही जन्मजात वस्तू आहे, ती कुणाकडे जास्त तर कुणाकडे कमी असते, आणि परीक्षा म्हणजे ती मोजण्याचा तराजू. माणूस उपाशी आहे की पोटभर जेवलेला, घाबरलेला आहे की निर्धास्त, त्याला वर्गात मान आहे की टोमणे, याच्याशी या तराजूला देणेघेणे नाही. म्हणजे शरीर वेगळे, भावना वेगळ्या, वागणूक वेगळी आणि बुद्धी या सगळ्यांच्या वर, अधांतरी. ही मांडणी ऐकायला शास्त्रीय वाटते. प्रत्यक्षात ती जन्मावर माणसाची किंमत ठरवणाऱ्या जुन्याच शास्त्राची नवी आवृत्ती आहे.

या मांडणीला बाबासाहेबांनी नागपूरला उत्तर दिलेले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस आपल्याला पाठ आहे. धम्मदीक्षा, बावीस प्रतिज्ञा, सारे काही. पण १५ ऑक्टोबरला त्यांनी त्याच नागपुरात जे दीर्घ भाषण केले, ते आपण जेवढे वाचायला हवे तेवढे वाचत नाही. त्या भाषणात त्यांनी उत्साहाचा विचार मांडला आहे. माणसात उत्साह नसेल तर त्याचे शरीर तरी आजारी आहे किंवा मन तरी आजारी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा उत्साह जातो कशाने? आपल्याला वर चढायची संधी मिळेल ही आशाच सुटते, त्याने. आणि उदाहरण त्यांनी शाळेचेच दिले. हा तर महार, याला पहिला वर्ग कशाला हवा, पहिला वर्ग ब्राह्मणांचा, असे मास्तरच म्हणत असेल, तर त्या पोराला उत्साह येणार कुठून?

या विचाराची साखळी नीट पाहा. अपमान ही भावना झाली. अपमानाने आशा सुटते. आशा सुटली की माणसाचे वागणे बदलते, तो हात वर करत नाही, मागे बसतो, अभ्यास टाळतो. मग निकाल लागतो आणि त्याच निकालाकडे बोट दाखवून म्हटले जाते, बघा, बुद्धीच नाही! जखम करणाऱ्यानेच रक्ताचा डाग दाखवून जखमीला अस्वच्छ ठरवावे, तसला हा प्रकार.

बाबासाहेबांना हे पुस्तकातून कळलेले नव्हते. साताऱ्याच्या शाळेत ते स्वतःचे गोणपाट घेऊन जात, त्यावर वेगळे बसत आणि संध्याकाळी ते घरी घेऊन येत. तहान लागली तर नळाला हात लावायचा नाही, शिपाई नळ सोडेल तेव्हाच पाणी. शिपाई नाही तर पाणी नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी १९०१ च्या सुमारास गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेल्या भावंडांचा प्रवासही सांगितला आहे. जवळ पैसे होते, शिदोरी होती, पण जात कळल्यावर वाटेत कुणी पाणी दिले नाही आणि मुले उपाशीच झोपली. आता सांगा, घशाला कोरड पडलेले मूल वर्गात काय ऐकत असेल? मास्तरची कविता की नळाचा आवाज? तहानलेल्या मुलाची परीक्षा घ्यायची आणि निकालाचे खापर त्याच्या रक्तावर फोडायचे, हेच तर शतकानुशतके चालले.

आता १९२७ साल घ्या. १९ आणि २० मार्चला महाडची परिषद झाली. लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. मग हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि जेवत असलेल्या, गावाकडे परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, पाण्यात शेण, गोमूत्र, दूध, दही ओतले गेले. ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, ते माणसांच्या ओंजळीने बाटले आणि शेणाने शुद्ध झाले! यात आजारी मन कुणाचे होते? जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची अवस्था आहे, हा 'जातिप्रथेचे उच्चाटन' या १९३६ च्या निबंधातला विचार महाडच्या तळ्याने नऊ वर्षे आधीच सिद्ध करून दाखवला होता. डोळ्यांना पाणी दिसत होते, मनाला विटाळ दिसत होता. म्हणजे जात केवळ पीडिताच्या आकलनावर घाव घालत नाही, ती पीडा देणाऱ्याचीही समज बिघडवते.

महाडनंतर दीड महिन्याच्या आत, ३ मे १९२७ रोजी, बाबासाहेब आपल्या बदलापुरात आले होते. इथल्या शिवजयंती उत्सवाचे ते अध्यक्ष होते. बदलापूरच्या किती तरुणांना हे ठाऊक आहे? आदल्या जुलैत, १९२६ मध्ये, त्यांचा धाकटा मुलगा राजरत्न गेला होता. त्याच्या आधीची तीन लेकरेही गेली होती. मनावर एवढे ओझे असलेला, ज्याच्या माणसांनी नुकताच मार खाल्ला आहे असा माणूस, सार्वजनिक उत्सवाच्या अध्यक्षाच्या खुर्चीत बसतो. त्या खुर्चीने जे काम केले ते शंभर पत्रकांनी झाले नसते. ज्यांनी आपल्या माणसाला पायरीखालीच पाहिले होते, त्यांना तो वर बसलेला दिसला. आणि पायरीखालच्यांनाही दिसला. आधी वागणे बदलते, मग नजर बदलते आणि मग विचार बदलतो.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, महाडच्या दुसऱ्या परिषदेत, त्यांनी स्त्रियांना काय सांगितले ते आठवा. लुगडे असे नेसा की त्यावरून जात ओळखू येऊ नये. जातीची खूण सांगणारे गळ्यातले, हातातले ते जड दागिने टाका. कपडा फाटका असला तरी स्वच्छ ठेवा. मेलेल्या जनावराचे मांस घरात आणू देऊ नका. मुलींना शाळेत घाला. काही शहाणे आजही याला 'वरच्यांची नक्कल' म्हणतात. आम्हाला ते मान्य नाही. मेलेले मांस सोडणे हा आरोग्याचा निर्णय होता. लुगडे घोट्यापर्यंत नेसणे हा वागण्याचा निर्णय होता. आणि दोन्हींमधून स्वाभिमान नावाची भावना उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून पुढच्या पिढीने पाटी हातात धरली. आपल्या आज्या कुठल्या मानसशास्त्राच्या वर्गाला बसल्या नव्हत्या, पण त्यांनी हा प्रयोग स्वतःच्या अंगावर केला.

शास्त्राला हे कळायला वेळ लागला. अमेरिकेत केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय जोडप्याने लहान मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक काळ्या मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. १९५४ च्या ब्राउन खटल्यात, वेगळ्या शाळा मुलांच्या मनावर काय करतात हे सांगताना, हे काम न्यायालयापुढे आले. आपल्याकडे कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली, सुटलेल्या प्रत्येक कोड्याला पैसे ठेवले. जात जाहीर केली नव्हती तेव्हा दलित मुले सवर्ण मुलांच्या बरोबरीने कोडी सोडवत होती. सर्वांसमोर नाव आणि जात वाचून दाखवल्यावर त्यांचीच कामगिरी घसरली. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले तशीच, कोडी तशीच, बदलली ती फक्त हजेरी. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३ चा अभ्यासही असाच. तोच शेतकरी कापणीआधी, हातात पैसा नसताना, बुद्धीच्या चाचणीत मागे पडतो आणि कापणीनंतर पुढे येतो. दोनचार महिन्यांत कुणाचे रक्त बदलते का?

नागपूरच्या भाषणातला मास्तर आणि उत्तर प्रदेशातली ती हजेरी एकच आहेत. आमच्या त्या मुलाच्या कॉलेजातली हजेरीही तीच.

आता थोडे आपल्याही चळवळीविषयी. १७ जानेवारी २०१६ ला रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. आपण मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. पण वस्तीतल्या ज्या पोराची झोप उडाली आहे, जे जेवत नाही, बोलत नाही, त्याला आपण काय म्हणतो? "भीमाचा वाघ असून रडतोस काय?" किंवा घरचे त्याला गुपचूप एखाद्या भगताकडे नेतात, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर टांगलेल्या असतानाच. बाबासाहेबांनी आपले आजारपण लाज म्हणून लपवले नाही. ऑगस्ट १९५१ मध्ये नेहरूंना लिहिलेल्या पत्रात, तब्येत काळजी करण्यासारखी आहे, डॉक्टरांच्या हवाली होण्याआधी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले होते. वाघही आजारी पडतो आणि औषध घेतो.

म्हणून आमचे म्हणणे दुहेरी आहे. मन आजारी असेल तर उपचार घ्या. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, तिथे जाण्यात लाज नाही. पण केवळ गोळी देऊन हा आजार जाणार नाही, कारण त्याचे जंतू वर्गात आहेत. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांनी प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेला समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले. आपल्या कॉलेजात तो अधिकारी कोण आहे, हे विचारा. लेखी विचारा, एकटे नको, चारजण मिळून विचारा. चारजण मिळून अर्ज करणे हेही वागणेच आहे, आणि त्याने छातीतली भीती उतरते हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.

त्या मुलाला आता आमचे पुरे उत्तर असे. तुझी बुद्धी जागच्या जागी आहे, भावा. ती बारावीच्या गणिताबरोबर संपली नाही. तिच्यावर पाय ठेवला गेला आहे. तो पाय काढायचे काम तुझे एकट्याचे नाही, आपले सगळ्यांचे आहे. येत्या रविवारी अभ्यासवर्गाला ये. यावेळी १५ ऑक्टोबरचे भाषण वाचायचे आहे, आणि ते तूच मोठ्याने वाचायचे आहेस.

जय भीम!