सावित्रीमुखावरील तीन नावे

सावित्री नदी अरबी समुद्रास जेथे मिळते, तेथे उत्तर तीरावर हरिहरेश्वर हे क्षेत्र वसले आहे. ‘हरि’ आणि ‘हर’ यांच्या द्वंद्वास ‘ईश्वर’ हे पद जोडून हे नाम सिद्ध झाले. शैव-वैष्णव भेदाचे निरसन समासातच झालेले दिसते. यात्रेकरू प्रथम कालभैरवाचे दर्शन घेतो व ओहोटी साधून खडकांवरून प्रदक्षिणा पुरी करतो. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र एवढ्यावर थांबता येत नाही.

हे पेशव्यांचे कुलदैवत. बाळाजी विश्वनाथ भट यांचे घराणे जवळच्याच श्रीवर्धनचे. १७१३ साली त्यांना पेशवेपद मिळाले आणि पुढे या घराण्याची सत्ता उत्तर हिंदुस्थानापर्यंत पोहोचली. पण १९४८ साली विलीनीकरण झाले तेव्हा श्रीवर्धन सिद्दीच्या जंजिरा संस्थानातच होते.

समोरच्या तीरावरील बाणकोटचा किल्ला आंग्र्यांच्या काळी ‘हिंमतगड’ झाला. १७५५ साली तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धच्या मोहिमेत तो इंग्रजांच्या हाती गेला आणि ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ म्हणून नोंदला गेला. राज्यकर्त्यांची दोन्ही नावे कागदोपत्री उरली. लोकांच्या जिभेवर बाणकोटच राहिले.

कुलाबा जिल्ह्याचे १९८१ साली ‘रायगड’ असे नामांतर झाले. बाणकोट रत्नागिरी जिल्ह्यात मोडते. म्हणून जिल्हावार स्थलवर्णने वाचणाऱ्यास ही स्थळे परस्परांस परकी वाटतात. वस्तुतः खाडी हीच त्यांना जोडणारी वाट होय. क्षेत्र, गाव आणि दुर्ग यांचे अवलोकन एकत्र केल्याखेरीज यांपैकी एकाचाही इतिहास पुरता उलगडत नाही.