वादळानंतरची चाळीस वर्षं

शब्बाथ शाळेत मी बरीच वर्षं मुलांना एक गोष्ट सांगत आलो. जॉन न्यूटन नावाचा एक इंग्रज खलाशी होता. आफ्रिकेतली माणसं जहाजात कोंबून विकायला न्यायची, हा त्याचा धंदा. एकदा भर समुद्रात वादळ झालं, त्यानं देवाचा धावा केला, जहाज वाचलं. त्यानं धंदा सोडला, तो पाळक झाला आणि त्यानं ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिलं. गोष्ट दहा मिनिटांत संपायची आणि मुलंही खूश असायची.

एकदा मात्र एका मुलानं विचारलं, “सर, मग जहाजातल्या त्या माणसांना त्यानं सोडून दिलं का?”

मला उत्तर देता येईना. घरी येऊन पुस्तकं काढली, तेव्हा कळलं की मी गोष्ट चुकीचीच सांगत होतो.

वादळ खरं होतं. ते झालं मार्च १७४८ मध्ये. न्यूटन तेव्हा बावीस वर्षांचा होता आणि ‘ग्रेहाऊंड’ जहाजावरून इंग्लंडला परतत होता. त्या जहाजावर गुलाम नव्हतेच. सोनं, हस्तिदंत, लाकूड आणि मेण असा माल होता. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलकं, म्हणूनही ते फुटकं जहाज तरलं. देवाची टवाळी करण्यात खलाशांनाही मागं टाकणारा हा तरुण पंपानं पाणी उपसत होता आणि सहज बोलून गेला की आता देवानंच दया करावी. स्वतःच्या तोंडचे शब्द ऐकून तो चपापला. पुढं आयुष्यभर त्यानं त्या दिवसाची आठवण पाळली.

इथपर्यंत माझं बरोबर होतं. पुढचं चुकलं होतं. वादळातून वाचलेला न्यूटन त्याच वर्षी गुलामांच्या जहाजावर दुय्यम अधिकारी म्हणून रुजू झाला. १७५० ते १७५४ या काळात तर तो कप्तान होता. आधी ‘ड्यूक ऑफ अर्गाइल’चा आणि नंतर ‘आफ्रिकन’ या जहाजाचा. म्हणजे धंद्यात तो वर चढला, तो पश्चात्ताप झाल्यानंतर!

बरं, तो ढोंगी होता म्हणावं, तर तसंही नाही. त्यानं शिव्या सोडल्या, पवित्र शास्त्राचा अभ्यास सुरू केला. रविवारी तो खलाशांना जमवून उपासना घ्यायचा. बायकोला लिहिलेली त्याची पत्रं वाचली, तर हा माणूस प्रेमळ होता हे पटतं. आणि हाच माणूस जहाजाच्या रोजनिशीत मेलेल्या गुलामांची नोंद नावानं न करता क्रमांकानं करतो. डिसेंबर १७५२ मध्ये बंडाचा सुगावा लागला, तेव्हा कबुलीजबाबासाठी त्यानं मुलांचे अंगठे चापात धरले. ही नोंदही त्याच्याच हातची आहे.

असं कसं झालं? मला वाटतं, त्याला आपली जी पापं दिसत होती, त्यांच्याशी तो मनापासून लढला. शिवीगाळ, दारू, निंदा ही पापं मंडळीत सांगितली जात. हा धंदा मात्र प्रतिष्ठितांचा होता. लिव्हरपूलचे व्यापारी त्यात पैसा घालत आणि रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसत. न्यूटननं पुढं लिहून ठेवलं आहे की, त्या काळात हे काम किळसवाणं वाटलं, आपण तुरुंगाधिकारी आहोत असंही वाटलं, पण ते गैर आहे असं मनात आलं नाही. १७५४ मध्ये त्यानं समुद्र सोडला, तोही आजारपणामुळं. दिसणारं पाप माणसाला निदान टोचत राहतं. ज्याला पाप म्हणायचीच पद्धत नाही, ते मात्र बिनबोभाट वाढत जातं.

१७६४ मध्ये तो ओल्नी या गावी पाळक झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ त्यानं १ जानेवारी १७७३ च्या उपासनेसाठी रचलं. त्या दिवशीच्या प्रवचनाचा आधार होता पहिल्या इतिहासातली दावीद राजाची प्रार्थना. त्याच अध्यायात नाथान संदेष्टाही आहे. हाच नाथान पुढं गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगून दावीदाला त्याचं पाप दाखवतो. आपल्या पापावर स्वतःहून बोट ठेवणं दावीदालाही जमलं नव्हतं! न्यूटननं कृपेचं इतकं सुंदर गीत लिहिलं, पण तेव्हाही गुलामांच्या व्यापाराविरुद्ध तो जाहीरपणे काही बोललेला नव्हता. पुढच्याच वर्षी जॉन वेस्ली यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका काढली, १७८३ मध्ये क्वेकर पंथीयांनी संसदेकडं अर्ज केला. न्यूटन गप्पच.

डिसेंबर १७८५ मध्ये विल्यम विल्बरफोर्स हा तरुण खासदार चोरून सल्ला घ्यायला त्याच्याकडं आला. राजकारण सोडू का, असं तो विचारत होता. सोडू नकोस, असं न्यूटननं सांगितलं. हा विल्बरफोर्स पुढं गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभा राहिला. आणि १७८८ मध्ये, वादळाला चाळीस वर्षं झाल्यावर, न्यूटननं पुस्तिका लिहिली. फळीवर पुस्तकं लावावीत तशी माणसं दाटीनं झोपवलेली असत, विकत घेतलेल्यांपैकी सरासरी चौथा हिस्सा मरत असे, हे सगळं त्यानं लिहिलं. मी यात होतो, हेही लिहिलं. हा कबुलीजबाब फार उशिरा येतो आहे, हे सांगायलाही तो विसरला नाही. पुढं संसदेच्या समितीसमोर त्यानं साक्ष दिली.

मला त्याच्या गीतापेक्षा ही पुस्तिका मोठी वाटते. कुणाला पटणार नाही, पण कृपेचं काम तिथं जास्त स्पष्ट दिसतं. साठी उलटलेला मान्यवर पाळक, गप्प राहिला असता तर कुणी जाब विचारला नसता.

ब्रिटिश जहाजांचा गुलाम-व्यापार बंद करणारा कायदा २५ मार्च १८०७ रोजी झाला. न्यूटनची दृष्टी तोवर गेली होती. त्याच वर्षी २१ डिसेंबरला तो वारला.

त्या मुलाला पुढच्या रविवारी मी उत्तर दिलं, “नाही रे, सोडलं नाही.” वर्ग गप्प झाला. मग गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. या वेळी दहा मिनिटं पुरली नाहीत.