ग्रुप शो : भिंतीवर जागा देणार कोण?

कलबुर्गीत काय किंवा बीदरमध्ये काय, आठ-दहा चित्रकार मिळून ‘ग्रुप शो’ लावतात तेव्हा हॉलचे भाडे आणि पत्रिकेची छपाई वाटून घेतात. दर्शनी भिंत कोणाला, यावर थोडी धुसफूस होते आणि ती आपसातच मिटते. भिंत कोणाला, हे ठरवण्याचा अधिकार मात्र चित्रकारांच्या हाती फार उशिरा आला.

एकत्र रंगकाम या भागाला नवे नाही. बीदरजवळच्या अष्टूरला बहमनी सुलतान अहमदशाह वलीची कबर आहे. तो १४३६ मध्ये वारला. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. मग घुमटाच्या पोटात शेंदरी, निळा, सोनेरी अशी वेलबुट्टी आणि अक्षरांच्या ओळी दिसू लागतात. काम अनेक हातांचे, पण हुकूम दरबाराचा. काय रंगवायचे आणि कुठे, हे कारागिरांना कोणी विचारले नसणार.

उचलून नेता येणारी चौकट आली, तशी निवडही आली. पॅरिसच्या ‘सलों’मध्ये परीक्षक चित्रे निवडत. १८६३ मध्ये नाकारलेल्यांची ओरड एवढी वाढली की सम्राटाने त्यांच्यासाठी वेगळे प्रदर्शन भरवायला लावले. १८७४ मध्ये मोने, देगा, पिसारो यांनी परीक्षकांची वाटच सोडली आणि छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन लावले.

आपल्याकडे १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. तिच्या वार्षिक प्रदर्शनातल्या पदकाने चित्रकाराचे नाव होई. १८९५ चे सुवर्णपदक धुरंधरांना मिळाले, १९३७ चे अमृता शेरगिल यांना. नापसंती वाट्याला आलेल्यांची नाराजीही साचत गेली. डिसेंबर १९४७ मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यांचे पहिले प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये लागले ते रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्याच सलोंमध्ये! भांडण जिच्या परीक्षकांशी, भिंत तिचीच.

या सहांतले आरा मूळचे बोलारमचे, म्हणजे हैदराबाद संस्थानातले. गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, आणि बीदरही तेव्हा त्याच संस्थानात होते. मुंबई-मद्रास लोहमार्गावरच्या गुलबर्ग्यातल्या मुलाला चित्रकार व्हायचे तर मुंबई गाठावी लागे. साबानंद मोनप्पा पंडित तसेच गेले. १९१६ मध्ये गुलबर्ग्यात जन्मलेले पंडित मुंबईत दंडवतीमठांच्या नूतन कला मंदिरात आणि पुढे जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. त्यांनी सिनेमाची पोस्टरे केली, ‘फिल्मइंडिया’ची मुखपृष्ठे रंगवली. त्यांच्या देवादिकांची कॅलेंडरे घराघरांत लागली. त्याच मुंबईत पंढरपूरचे हुसेन सिनेमाची होर्डिंगे रंगवत होते. पुढे हुसेन ‘प्रोग्रेसिव्ह’ झाले, पंडितांवर ‘कॅलेंडरवाले’ हा शिक्का बसला. पंडितांची भिंत परीक्षकाने दिली नव्हती, लोकांनी दिली होती. खिळा ठोकला की प्रदर्शन सुरू, आणि ते वर्षभर.

उत्तरायुष्यात पंडित गुलबर्ग्याला परतले. १९९३ मध्ये ते गेले. शहरातल्या रंगमंदिराला आज त्यांचे नाव आहे. पंडित गेले तोवर मुंबईला न जाताही चित्रकला शिकण्याची सोय गावातच झाली होती. व्ही. जी. अंदानी आणि जे. एस. खंडेराव या चित्रकार-शिक्षकांच्या हाताखाली पिढ्या तयार झाल्या. आयडियल फाइन आर्ट इन्स्टिट्यूट आणि मातोश्री माणिकबाई कोठारी यांच्या नावाचे दृश्यकला महाविद्यालय ही नावे इथल्या चित्रकारांच्या माहितीपत्रकांत हमखास भेटतात. त्यामुळे इथल्या ग्रुप शोला आणखी एक वळण मिळाले: गुरू आणि शिष्य एकाच भिंतीवर. निवड परीक्षक करत नाही आणि बंडखोरही करत नाहीत; ओळख करते.

त्यात आपुलकी आहे, नव्याला पहिली संधीही आहे. धोका एवढाच की कोणी कोणाला नाकारत नाही. १८७४ आणि १९४९ च्या समूहांत सगळ्यांची शैली एक नव्हती, पण सगळ्यांचे भांडण एक होते. भांडणच नसेल तर ग्रुप शो म्हणजे नुसती भाड्याची वाटणी. कलबुर्गीला भांडायला घरचाच विषय आहे: पंडितांच्या कॅलेंडराशी आजच्या अमूर्त चित्राचे नाते काय? शेजारी लावायचे की नाही, यावर एखादा समूह खरोखर तंडला, तर त्याला पाहुणे बोलावून उद्घाटन करण्याचीही गरज पडणार नाही.