जे-१ व्हिसा आणि दोन वर्षांची अट

अमेरिकी विद्यापीठात एखादे सत्र वा वर्ष शिकून पदवी मात्र मूळ विद्यापीठाचीच घेणाऱ्यास विनिमय विद्यार्थी म्हणतात. त्याला सहसा जे-१ व्हिसा मिळतो. १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यावर तो आधारलेला आहे. अर्जापूर्वी यजमान विद्यापीठाकडून वा प्रायोजक संस्थेकडून डीएस-२०१९ हा दाखला मिळवावा लागतो. तेथील श्रेयांक आपले विद्यापीठ ग्राह्य धरील, हे निघण्यापूर्वीच लेखी घ्यावे. अन्यथा वर्ष वाया जाण्याची भीती. आरोग्यविमाही सक्तीचा असतो.

खरी मेख आहे ती कलम २१२-ई मध्ये. ही अट लागू झालेल्यास मायदेशी एकूण दोन वर्षे वास्तव्य केल्याखेरीज, अथवा रीतसर सूट मिळविल्याखेरीज, एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. मायदेशाला गरजेच्या मानलेल्या कौशल्यांची एक यादी अमेरिकेचे परराष्ट्र खाते ठेवते. त्या विषयांच्या विद्यार्थ्यांनाही ही अट लागते. डिसेंबर २०२४ मध्ये या यादीतून भारत वगळला गेला आणि अनेकांची सुटका झाली. सरकारी निधीवर गेलेल्यांची मात्र नाही. फुलब्राइट शिष्यवृत्तीधारक त्यांतच येतात. व्हिसावरील नोंद पाहावीच, परंतु ती अंतिम नव्हे. निर्णय परराष्ट्र खात्याचा असतो.