स्मृतीत भर घालताना : यंत्राची टिपणवही आणि हिराइसेचा पाठ

स्मृतिव्याख्यानासाठी स्मृतीचाच विषय निवडण्यात औचित्य आहे, असे मला वाटते. मात्र मी बोलणार आहे ते यंत्राच्या स्मृतीविषयी, आणि तेही एका लहानशा साधनाच्या अनुषंगाने. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ‘एजंट’ला, म्हणजे आपल्या वतीने कामे करणाऱ्या यांत्रिक कारभाऱ्याला, स्वतःच्या कायम स्मृतीत मजकूर वाढवू देणारे हे साधन होय. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या माणसाने या विषयाला हात का घालावा, याचे उत्तर विवेचनाच्या ओघात येईलच.

प्रथम थोडा इतिहास पाहू. मँचेस्टर विद्यापीठात १९६२ मध्ये ‘ॲटलस’ नावाचा संगणक कार्यान्वित झाला. त्याची जलद स्मृती लहान होती. फिरत्या चुंबकीय ड्रमवरील साठा मोठा, पण मंद होता. लागेल तो मजकूर ड्रमवरून जलद स्मृतीत आणणे आणि नको तो परत ठेवणे, हे काम यंत्र आपले आपणच करी. त्यामुळे वापरणाऱ्यास एकच विस्तीर्ण स्मृती हाताशी असल्यासारखे वाटे. ही युक्ती पुढे ‘आभासी स्मृती’ म्हणून संगणकशास्त्रात रूढ झाली.

सहा दशकांनंतर तीच अडचण नव्या रूपात उभी राहिली. आजची भाषा-प्रारूपे अफाट मजकुरावर घडविलेली असतात. परंतु एकदा घडविल्यानंतर आपण त्यांच्याशी जे बोलतो, ते त्यांच्या अंगी मुरत नाही. समोर मांडलेला मर्यादित मजकूर तेवढा त्यांना दिसतो. नवे संभाषण सुरू झाले की पाटी कोरी. यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील संशोधकांनी ‘मेमजीपीटी’ ही रचना मांडली. तीत आभासी स्मृतीचीच कल्पना योजलेली होती : प्रारूपासमोर सदैव उघडी असणारी ठरावीक आकाराची टिपणवही, आणि बाहेर मोठे कोठार. वहीत भर घालण्याची व तीतील मजकूर बदलण्याची साधने प्रारूपाच्याच हाती दिली गेली. महत्त्वाचे काय, हे तेच ठरविते आणि ओळ लिहिते. पुढील प्रत्येक उत्तरापूर्वी ती ओळ त्याच्यासमोर असते. म्हणजे यंत्र आठवत नाही. लिहून ठेवलेले ते पुन्हा वाचते.

लिहून ठेवलेली आठवण म्हटली की मला ‘लीळाचरित्र’ आठवते. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात नागदेवाचार्य आणि इतर शिष्यांकडून श्रीचक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. मूळ ग्रंथ आक्रमणाच्या धामधुमीत नाहीसा झाला आणि पुढे तो स्मरणातून पुन्हा लिहिला गेला, असे महानुभाव परंपरा सांगते. अशा लेखनात भेद पडणे अटळ होते. तथापि एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकावेत, असे त्या मंडळींना वाटले नाही. हिराइसेचे स्मरण निराळे असेल, तर ते तिच्या नावानिशी नोंदविले गेले. आठवणीसोबत आठवणाराही टिकला, म्हणूनच आज अभ्यासकाला तिचे मोल ठरविता येते.

याच्याशी ‘मेमजीपीटी’च्या मूळ लेखातील एक उदाहरण ताडून पाहावे. वापरणारी व्यक्ती आपला मित्राशी असलेला प्रेमसंबंध तुटल्याचे सांगते. तत्क्षणी यंत्र वहीतील जुनी ओळ बदलून तो ‘पूर्वीचा’ मित्र असल्याचे लिहिते. जुने संभाषण कोठारात राहते. पण वहीत ओळ केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून बदलली, याची खूण उरत नाही. भर घालणे आणि बदलणे यांतील अंतर येथे दिसते. भर घातल्याने वही गचपण होईल. बदलल्याने इतिहास जाईल.

धोका याहूनही मोठा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘चॅटजीपीटी’ला अशी स्मृती देण्यास आरंभ झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात योहान रेहबर्गर या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिले की, यंत्राला वाचावयास दिलेल्या परक्या मजकुरात दडविलेली आज्ञा त्या स्मृतीत जाऊन बसू शकते आणि पुढील संभाषणे गुपचूप बाहेर पाठवू शकते. माहिती बाहेर नेण्याची ती वाट बुजविण्यात आली. तरी मूळ प्रश्न उरतोच. धन्याचा शब्द कोणता आणि वाटेत सापडलेल्या चिठ्ठीतला कोणता, हा विवेक यंत्राला खात्रीने करता येत नाही. बनावट सनद दफ्तरात शिरली की काय अनर्थ होतो, हे इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको. येथे तर कारभारी त्याच सनदेवर उद्याचा व्यवहार करणार आहे.

रुग्णाचे औषध असो वा वृद्धाचे निवृत्तिवेतन, असे कारभारी ज्या कामात येतील तेथे वहीतील एका ओळीवर कोणाचे तरी हित अवलंबून राहील. म्हणून या विद्यालयाच्या ज्या माजी विद्यार्थ्यांच्या हाती हे शास्त्र आहे, त्यांच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. प्रत्येक नोंदीपुढे सांगणाऱ्याचे नाव, तारीख व आधार असावा. दुरुस्ती करताना जुनी ओळ खोडावी, पण ती वाचता येईल अशी. आणि ज्याच्याविषयी लिहिले आहे, त्याला ती वही उघडून पाहण्याचा, आणि नको असेल तर आपल्याविषयीचे पान फाडून टाकण्याचाही अधिकार असावा. कागदाची टंचाई असताना आणि पोथ्या लपवीत हिंडताना सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी यांतील पहिली दक्षता पाळली होती. साधनांची विपुलता असताना ती आपण सोडावी, याला कोणतेही कारण मला दिसत नाही.